ल मान्स बघायचीय? पाळ्या लावा!

भावांनो, फुटबॉलसाठी राजारामपुरी जागतेच. पण फ्रान्समधल्या 'ल मान्स' कार शर्यतीसाठी कधी जागलाय? जूनमधल्या शनिवारी आपल्या संध्याकाळी साडेसातला सुरू, रविवारी साडेसातला खलास. सलग २४ तास, एका गाडीला तीन ड्रायव्हर. २०१२ मध्ये इथं धावणारा पहिला भारतीय करुण चंडोक. त्याची गाडी सहावी आली.

२०१६ मध्ये आघाडीवरची टोयोटा शेवटच्या काही मिनिटांत बंद पडली आणि पोर्शे जिंकली. पण टोयोटा परत आली, २०१८ ला जिंकलीच!

म्हणून सांगतो, सगळ्यांनी रात्रभर डोळे ताणू नका. ड्रायव्हरांसारख्या पाळ्या लावा, झोपा. फक्त शेवटच्या तासाला सगळे हजर पाहिजेत. खरा खेळ तिथंच फिरतो.