पडदा नव्हे, चेतापेशींचे जाळे

‘डोळ्याचा पडदा’ म्हटले की सिनेमाचा पडदा आठवतो. दृष्टिपटल (डोळ्याच्या आत मागे असलेला पातळ थर) मात्र चित्र नुसते झेलत नाही. गर्भात ते मेंदूपासूनच घडते. त्यात चेतापेशींचे तीन थर असतात. प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशी (अंधुक उजेडासाठी) सुमारे १२ कोटी, शंकुपेशी (रंग-बारकाव्यांसाठी) सुमारे ६० लाख. आणि नवल म्हणजे या पेशी तिन्ही थरांत सर्वांत मागे असतात. मेंदूकडे जाणारे तंतू मात्र जेमतेम १०-१२ लाख! घरोघरचे दूध संकलन केंद्रात एकत्र होऊन टँकरने जावे, तसे मधल्या पेशी संदेश गोळा करतात, निवडतात. मध्यभागी मात्र जवळजवळ प्रत्येक शंकुपेशीला स्वतंत्र वाट असते. म्हणूनच गाडीतून ‘जेऊर’ ही गावाची पाटी वाचायला नजर थेट तिच्यावर रोखावी लागते; तेव्हाच तिचे चित्र या मध्यभागी पडते.