शिशाला अंगरखा

झरी जामणी तालुक्याच्या दक्षिणेला पैनगंगा आणि पलीकडच्या काठावर तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा. अशा नदीत भिरकावलेले फेकजाळे हवेत छत्रीसारखे उघडते, पाण्यावर पसरते आणि झपकन तळ गाठते, ते त्याच्या घेराला लावलेल्या शिशाच्या मण्यांमुळे. लोखंडी मणी गंजले असते, दगडाचे फार मोठे करावे लागले असते. शिसे मात्र चिमूटभर घेतले तरी वजन देते, चुलीच्या आचेवर वितळते आणि दोरीवर ठेवून दाताने दाबले तरी घट्ट बसते.

बंदुकीच्या गोळीला शिसे लागते तेही याच गुणांसाठी. एक घनसेंटिमीटर लोखंडाचे वजन ७.८७ ग्रॅम, शिशाचे ११.३४. वजन जास्त आणि आकार लहान, म्हणून हवेचा अडसर कमी जाणवतो. तांबे वितळवायला १०८५ अंश सेल्सिअस लागतात, शिशाचे काम ३२७ अंशांतच होते. साच्यात ओतले की गोळी तयार.

पण हाच मऊपणा पुढे अंगलट येतो. बंदुकीच्या पोलादी नळीत आतून मळसूत्री आटे कोरलेले असतात. नळीपेक्षा किंचित जाड असलेली गोळी त्यांत रुतून भोवऱ्यासारखी फिरते, म्हणून सरळ जाते. मागून जळत्या दारूचा प्रचंड तापलेला वायू रेटत असतो. गोळीने नळी पुरती बंद केली नाही, तर फटीतून सुटलेला वायू तिच्या कडा खरवडून पुढे नळीवर थापतो. आटे शिशाने बुजत जातात आणि नेम ढळू लागतो. शिसे आणि पोलाद यांच्यामध्ये काहीतरी हवे, हा प्रश्न तिथून सुरू होतो.

या प्रश्नाच्या एका जुन्या उत्तराने आपल्याकडे इतिहास घडवला. १८५३ च्या नमुन्याच्या एनफील्ड रायफलीची गोळी तोंडाकडून ठासावी लागे. ती सहज सरकावी आणि काळ्या दारूची काजळी मऊ राहावी, म्हणून कागदी काडतुसाचे गोळीकडचे टोक चरबीत बुडवलेले असे. काडतूस दाताने फाडायचे होते. ही चरबी गाईची आणि डुकराची आहे, अशी वार्ता जानेवारी १८५७ मध्ये डमडमच्या छावणीत पसरली. शिपायांनी हवे तर स्वतःचे वंगण लावावे, अशी मुभा सरकारने दिली, पण संशय फिटला नाही. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे यांनी शस्त्र उचलले.

चरबीला पर्याय पुढे धातूचा निघाला. १८८२ मध्ये स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिन यांनी शिशाला तांब्याचे कवच चढवले आणि सैन्यांनी ते उचलून धरले. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. ‘के एफ’ असा शिक्का बुडावर असलेल्या तिथल्या अशा काडतुसांच्या पुंगळ्या दोन्ही महायुद्धांत वापरल्या गेल्या.

म्हणून उघडे शिसे इतिहासजमा झाले असे मात्र नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले. हा प्रकार पॉइंट २२ बोअरचा, आणि या स्पर्धांच्या गोळ्या आजही शिशाच्याच असतात, वर फक्त मेणासारख्या वंगणाचा हात. ५० मीटरवरचे दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचे. एवढ्या बारीक कामालाही ते वंगण पुरते, कारण गोळी हलकी आणि वेग बेताचा.

पॉइंट २२ ची पुंगळी एकदा झाडली की भंगार, कारण तिची ठिणगीची दारू बुडाच्या कडेत भरलेली असते. मोठ्या बोअरचे तसे नाही. मुंबईच्या अशोक पंडित यांनी १९९० च्या ऑकलंड राष्ट्रकुल स्पर्धेत ज्या सेंटर-फायर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकले, त्यात ठिणगीची टोपी पुंगळीच्या बुडाच्या मध्यभागी वेगळी बसवलेली असते. या प्रकारात पॉइंट ३२ ची ‘वॉडकटर’ गोळी फार चालते. तिचे डोके सपाट असते, त्यामुळे कागदावर पंचिंग मशीनने पाडावे तसे स्वच्छ गोल भोक पडते. भोकाची कड वरच्या गुणाच्या रेषेला नुसती टेकली तरी तो गुण मिळतो. फाटक्या भोकावर वाद झाला असता.

टोपी वेगळी असली की पुंगळी पुन्हा भरता येते. वापरलेली टोपी काढायची, फुगलेली पितळ साच्यात दाबून मापात आणायची, नवी टोपी, मोजलेली दारू, नवी गोळी. सरावात काडतुसांच्या पेट्यांमागून पेट्या रिकाम्या करणाऱ्या परदेशी रिव्हॉल्व्हर-नेमबाजांना हे परवडते, आणि त्यांच्या टेबलावर हल्ली लाल, हिरव्या, निळ्या गोळ्या दिसतात. पितळेच्या भांड्याला जशी कल्हई, तशी शिशाला ही पॉलिमरची पातळ कल्हई. गोळ्या रंगात घोळवून साधारण २०० अंशांच्या भट्टीत भाजतात. शिसे वितळायच्या कितीतरी आधी रंग पक्का होतो. मग अॅसिटोनच्या फडक्याने पुसून पाहायचे, आणि एक गोळी हातोडीने चेचायची. शिसे चपटे झाले तरी रंगाचा पोपडा उडता कामा नये.

रिव्हॉल्व्हरमध्ये या कल्हईची खरी परीक्षा होते. गोळी फिरत्या सिलिंडरमधून निघते आणि कागदाच्या जाडीएवढी फट ओलांडून नळीत शिरते. सिलिंडरच्या घरांची तोंडे नळीपेक्षा अरुंद असली, तर गोळी तिथेच आवळून बारीक होते आणि पुढे वायू निसटतो. पुंगळीचे तोंड गोळीभोवती जास्त आवळले तर रंग खरवडला जातो. कमी आवळले तर धक्क्याने शेजारच्या घरांतल्या गोळ्या पुढे सरकतात आणि सिलिंडर अडकते.

दारू कमी घालून धक्का हलका करण्याची पळवाटही बंद आहे. अमेरिकेतल्या यूएसपीएसए या संघटनेच्या नेमबाजी स्पर्धांत गोळीचे ग्रेनमधले वजन गुणिले तिचा सेकंदाला फुटांतला वेग, भागिले हजार, हा आकडा किमान १२५ भरावा लागतो. १५८ ग्रेनची, म्हणजे सव्वादहा ग्रॅमची गोळी ८०० फुटांच्या वेगाने गेली तर १२६.४ भरतात, पास. शाळेत शिकलेला संवेग तो हाच, वस्तुमान गुणिले वेग.

भारतात पुंगळ्या भरण्याचे हे काम घरी करून पाहण्याची सोय नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दारूगोळा बनवायला परवाना लागतो.

कल्हईमुळे धूर घटतो, गोळी हाताळताना बोटांना शिसे लागत नाही आणि नळी स्वच्छ राहते. टोपीतल्या शिशाला मात्र ती हात लावू शकत नाही. बहुतेक टोप्यांत लेड स्टिफनेट हे शिशाचेच स्फोटक संयुग असते आणि त्याची वाफ नेमबाजाच्या तोंडासमोरच सुटते. रक्तातले शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून सराव संपल्यावर हात-तोंड धुतल्याशिवाय चहाचा कप उचलायचा नाही, हा शूटिंग रेंजवरचा शहाणपणा. गोळी लक्ष्यामागच्या मातीच्या बांधावर आदळली की रंग फाटतो आणि शिसे तिथेच साठत जाते.

पाण्यातल्या शिशाची दखल गळांनीही घ्यायला लावली. इंग्लंडच्या नद्यांत मासेमारीचे शिशाचे मणी खडे समजून गिळणारे राजहंस मरू लागले, तेव्हा १९८७ मध्ये तिथे अशा बहुतेक मण्यांच्या विक्रीवर बंदी आली. जाळ्याला मणी दाताने दाबून बसवणाऱ्याच्या तोंडात जाते तेही हेच शिसे, आणि त्याच्यावर कसलीच कल्हई नसते.