एका सेलवरचा हंस

मुलांनो, पडद्यावरचे खेळ खेळण्याची यंत्रे आता घरोघरी दिसतात. दरवर्षी त्यांतील चित्रे अधिक हुबेहूब होतात आणि मागील वर्षीचे यंत्र अडगळीत जाते. असे असताना, ज्याच्या पडद्यावर केवळ काळ्या-करड्या छटा उमटतात, ज्याच्या पडद्याला स्वतःचा उजेड नाही आणि ज्यावरचे बहुतेक खेळ जपानी भाषेत आहेत, असे एक जुने यंत्र काही लोक जपानहून मुद्दाम मागवतात व जिवापाड जपतात, हे ऐकून तुम्हांस नवल वाटेल. त्या यंत्राचे नाव वंडरस्वान. स्वान म्हणजे हंस.

जपानमधील बांदाई या खेळणी बनविणाऱ्या कंपनीने ते ४ मार्च १९९९ रोजी विक्रीस आणले. किंमत होती ४,८०० येन. सेल न घालता तोलले तर त्याचे वजन अवघे ९३ ग्रॅम भरते. ते चालविण्यास एकच पेन्सिल सेल लागतो. तुमच्या भिंतीवरच्या घड्याळात बहुधा असतो, तोच. तेवढ्यावर हा हंस सुमारे ३० तास खेळत राहतो. दहा वर्षे आधी निघालेल्या गेमबॉय या प्रसिद्ध यंत्राला असे चार सेल लागत असत. ही काटकसर कोठून आली, हे समजण्यासाठी एका माणसाची ओळख करून घेतली पाहिजे.

त्याचे नाव गुन्पेई योकोई. १९४१ साली क्योतो शहरात त्याचा जन्म झाला. १९६५ साली तो निन्तेन्दो या कंपनीत नोकरीस लागला. ती कंपनी तेव्हा खेळण्याचे पत्ते छापत असे, आणि पत्त्यांच्या यंत्रांची देखभाल करणे हे योकोईचे काम होते. रिकाम्या वेळी त्याने गंमत म्हणून लांबवर पोहोचणारा एक कातरीसारखा हात बनविला. मालकांनी तो पाहिला. आता नोकरी जाणार असे कोणासही वाटले असते. पण मालकांनी त्याचे खेळणे करून विकावयास सांगितले, आणि १९६६ साली बाजारात आलेले ते खेळणे लाखांनी खपले.

योकोईचे एक आवडते तत्त्व होते. जे तंत्र जुने झाले, ते स्वस्त होते. त्याचे सारे दोषही लोकांना ठाऊक झालेले असतात. अशा मुरलेल्या तंत्राकडे आडव्या नजरेने पाहावे आणि त्याचा कोणी न केलेला उपयोग शोधावा, असे तो म्हणे. आपल्याकडे आजी जीर्ण लुगड्यांची गोधडी शिवते, त्याच जातीचा हा विचार. हिशेबाच्या छोट्या यंत्रांचे पडदे स्वस्त झाले, तेव्हा १९८० साली त्याने तेच पडदे वापरून खिशात मावणारे खेळ काढले. पुढे गेमबॉयच्या वेळी प्रतिस्पर्धी रंगीत पडदे घेऊन आले. त्यांची चित्रे सुंदर होती खरी; परंतु ती यंत्रे सहा-सहा सेल काही तासांतच पिऊन टाकीत. मुलांच्या खाऊच्या पैशांना ते कसे परवडावे? खपला तो करड्या पडद्याचा गेमबॉयच.

१९९५ साली मात्र योकोईचे एक यंत्र बाजारात पडले. पुढील वर्षी त्याने निन्तेन्दो सोडली व क्योतो येथे स्वतःची छोटी संस्था काढली. तेथेच वंडरस्वानचा आराखडा तयार झाला. पण ४ ऑक्टोबर १९९७ रोजी रस्त्यावरील अपघातात, वयाच्या ५६ व्या वर्षी, योकोई मरण पावला. त्याचा हंस बाजारात आला तो त्यानंतर बरोबर सतरा महिन्यांनी. त्याच दिवशी रेषांचे तुकडे वरखाली सरकवून डावीकडून उजवीकडे सलग रेघ जुळविण्याचा एक खेळही निघाला. त्याचे नाव ‘गुन्पेई’.

हा खेळ यंत्र उभे धरून खेळावयाचा असतो. दुसरे अनेक खेळ ते आडवे धरून खेळतात. त्यासाठी डाव्या बाजूस चार-चार बटणांचे दोन संच बसविले आहेत. एवढ्याशा यंत्रावर इतकी बटणे कशाला, असे प्रथम वाटते. यंत्र फिरवून धरले की उलगडा होतो. मात्र खेळावयास खिडकीजवळ बसावे लागते. उजेड तिरपा पडला, तर पडदा नुसता चकाकतो. वेगाने धावणाऱ्या आकृतीमागे तिची पुसट सावली रेंगाळते, आणि कानात घालून ऐकावयाचे तर वेगळा जोड लागतो. मला विचाराल तर सेलाच्या काटकसरीपुढे या अडचणी क्षम्य आहेत.

डिसेंबर २००० मध्ये रंगीत वंडरस्वान निघाले. पण २००१ साली गेमबॉयचा नवा अवतार आला व काही वर्षांतच हंसाचे उत्पादन थांबले. म्हणून आज मिळते ते जुनेच. त्याच्या पडद्यावरील पातळ थर काळाने खराब होतो, डाग पडतात, कधी सिरक्यासारखा आंबूस वास येतो. हात स्थिर असेल तर तो थर काढून नवा लावता येतो.

यंत्र मालकाचे नाव, जन्मतारीख आणि रक्तगटसुद्धा आपल्या स्मृतीत साठवते. (रक्तगटावरून स्वभाव कळतो, अशी जपानमध्ये पुष्कळांची समजूत आहे, तिला शास्त्राचा आधार नाही.) त्यामुळे विकत घेतलेल्या यंत्रात कधी कधी कोणा अनोळखी जपानी मुलाचे नाव निघते.

खेळाच्या काही डब्यांत याहून नाजूक ठेवा असतो. खेळ कोठवर आला याची नोंद त्यांत एका बारीक, बटणाएवढ्या सेलाच्या आधाराने टिकते. तो सेल संपला की नोंद गेली. आणि नवा बसविण्यासाठी जुना काढला, तरीही ती पुसली जाते. पंचवीस वर्षांपूर्वी दुसऱ्या कोणी अर्धवट सोडलेला डाव पुसावा, की सेल आपोआप संपेपर्यंत वाट पाहावी? या छंदातील काही दक्ष लोक एका उपकरणाने ती नोंद आधी संगणकात उतरवून घेतात, मग सेल बदलतात आणि तो डाव जसाच्या तसा डब्यात परत ठेवतात.