सोनखत

सोनखत म्हणजे मानवी विष्ठा मातीत कुजवून तयार केलेले खत. वर्धा जिल्ह्यातील ग्रामसफाईच्या प्रयोगांत त्याला महत्त्वाचे स्थान होते. १९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत राहणारे महात्मा गांधी आणि त्यांचे सहकारी जवळच्या सिंदी गावात जाऊन मैला उचलीत. १९४६ पासून विनोबा भावे यांनी पवनारहून सुरगावला पायी जाऊन हेच काम केले.

या पद्धतीत उथळ चरातील मैल्यावर माती टाकली जाते. त्यामुळे दुर्गंधी व माश्या रोखल्या जातात आणि मातीतील सूक्ष्मजीव मैल्याचे खतात रूपांतर करतात. तो पुरता कुजण्यापूर्वी शेतात टाकल्यास जंतांची अंडी व रोगजंतू पिकापर्यंत पोहोचू शकतात.

मैला वाहण्याचे काम परंपरेने विशिष्ट जातींवर लादलेले होते. सफाई ही प्रत्येकाची जबाबदारी ठरवून ही विषमता मोडणे, हा या प्रयोगांचा खतनिर्मितीइतकाच महत्त्वाचा हेतू होता. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेवर १९९३ व २०१३ च्या कायद्यांनी बंदी घातली. आजच्या दोन खड्ड्यांच्या शौचालयात एक खड्डा भरला की दुसरा वापरतात. पहिल्यातील मैला दरम्यान कुजून त्याचे खत होते.