गणन-अक्षमता आणि टॅबचा पडदा

गणन-अक्षमता, म्हणजेच डिस्कॅल्क्युलिया, हा विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा एक प्रकार आहे. बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून चांगली, डोळे-कान ठीक, शाळा नियमित, आणि तरीही संख्येचा अर्थ मनात ठसत नाही, अशी ही स्थिती. अशा मुलाला ७ मोठे की ९, हे सांगण्यासाठी बोटे मोजावी लागतात. ‘चारशे तीन’ ऐकून ते ४००३ लिहिते. काल पाठ झालेला सातचा पाढा आज पुसलेला असतो आणि वजाबाकीत हातचा कुठून घ्यायचा, हा प्रश्न दर वेळी नव्याने पडतो. चेकोस्लोव्हाकियातील मानसशास्त्रज्ञ लादिस्लाव कोश्च यांनी १९७४ साली या अक्षमतेची व्याख्या मांडली. वेगवेगळ्या देशांतील पाहण्यांचे आकडे साधारण ३ ते ७ टक्क्यांच्या आसपास येतात, म्हणजे पंचेचाळीस मुलांच्या वर्गात अशी एक ते तीन मुले असू शकतात. मेंदूच्या पार्श्विक खंडातील एक घळ संख्येचे परिमाण ओळखण्याच्या कामी येते आणि या मुलांमध्ये तिथली सक्रियता वेगळी दिसते, असे मेंदूच्या प्रतिमांवरून आढळले आहे. हा आळस नाही आणि ढिलाईही नाही. हे शिक्षकाला आणि पालकाला एकदा मनापासून पटले की पुढची निम्मी वाट सोपी होते.

महाराष्ट्राने या बाबतीत लवकर पाऊल उचलले. १९९६ पासून राज्यात अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती मिळू लागल्या आणि त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये आला, एप्रिल २०१७ पासून लागू झाला, आणि त्यातील एकवीस दिव्यांगत्वांमध्ये डिस्कॅल्क्युलियासह विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत निदानासाठी बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेचा चाचणीसंच ठरवून दिला होता. प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षापासून द्यायचे आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी करायची, असे त्या सूचनांत होते. ठाणे-कल्याण पट्ट्यातील अनेक पालकांची वाट मध्य रेल्वेने शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाकडे जाते, कारण तिथला अध्ययन अक्षमता विभाग जुना आणि अनुभवी आहे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये स्थापन केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था मराठीतून समुपदेशन करते. मुलाची भाषा जाणणारा तज्ज्ञ जवळ असणे याला मोल आहे. मात्र निदानाची वाट पाहत वर्गातली मदत थांबवण्याचे कारण नाही. चौथीतल्या मुलाला दशक समजत नसेल तर प्रमाणपत्राचा कागद हाती येईपर्यंत सहावी उजाडते.

या मदतीत टॅबचे स्थान कोणते, हे मुलाच्या चुका कुठे होतात त्यावर ठरते. सगळ्यांत मोठी अडचण स्थानिक किमतीची असते. ५२ वजा २७ हे उदाहरण घ्यावे. कागदावर पाचावर काट मारून वर ४ लिहितात आणि दोनाच्या जागी १२ करतात. ज्या मुलाला ५२ मध्ये पाच दशक आणि दोन एकक ‘दिसत’ नाहीत, त्याच्यासाठी हा सगळा प्रकार निव्वळ मंत्र असतो. अमेरिकेतील मॅथ लर्निंग सेंटरचे ‘नंबर पीसेस’ हे मोफत ॲप इथे कामाला येते. पडद्यावर पाच दांड्या आणि दोन सुटे चौकोन मांडायचे. दोनांतून सात काढता येत नाहीत, म्हणून एक दांडी फोडायची. तिचे दहा सुटे चौकोन डोळ्यांसमोर वेगळे होतात आणि सुट्यांची संख्या बारा होते. सात बाजूला सरकवले की पाच उरतात, चार दांड्यांतून दोन काढल्या की दोन उरतात. उत्तर २५. तीच कृती शेजारी आकड्यांत लिहिली की पाचावरची काट आणि फुटलेली दांडी ही एकाच गोष्टीची दोन रूपे आहेत, हे मुलाच्या लक्षात येऊ लागते.

काड्यांच्या गठ्ठ्यांनी हेच साधते आणि साधायलाच हवे. सुरुवात हातात धरता येणाऱ्या वस्तूंनी, मग चित्राने आणि शेवटी चिन्हाने, हा क्रम गणित शिकवणाऱ्यांनी फार पूर्वीपासून मानलेला आहे, आणि टॅब त्यातील मधली पायरी आहे. ज्या मुलाने दहा काड्या मोजून कधी रबर लावलेले नाही, त्याच्या हाती थेट पडदा देणे चुकीचे. पण गठ्ठे एकदा कळले की टॅबचे फायदे स्पष्ट दिसतात. काड्या सांडत नाहीत, हजारापर्यंतची संख्या बाकावर मावते, चुकलेली पायरी मागे नेता येते. आणखी एक फायदा अधिक महत्त्वाचा आहे. सातवीतल्या मुलाने वर्गात काड्या मांडल्या की शेजारचे हसतात. टॅबवर तो दुसरीचे गणित करत असला तरी कुणाला कळत नाही. वर्षानुवर्षे लाल शेरे पाहून गणिताच्या तासाला ज्याचे पोट दुखते, त्या मुलाला चुकण्यासाठी अशी आडोशाची जागा मिळणे ही फार मोठी गोष्ट आहे.

मराठी माध्यमातील मुलांपुढे संख्यानामांचा वेगळा पेच असतो. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी ऐकू येतात, लिहिताना मात्र दोन आधी येतात. जर्मन भाषेतही हीच उलटापालट आहे आणि तिथली लहान मुले आकड्यांची अदलाबदल बरीच करतात, असे संशोधकांनी नोंदवले आहे. शिवाय एकोणतीस, एकोणचाळीस ही नावे पुढच्या दशकाचा आधार घेतात. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ मध्ये ‘वीस पाच’ अशी वाचनाची पद्धत पारंपरिक नावांच्या जोडीने दिली गेली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी मुलांना सोपे जावे हा त्यामागचा हेतू सांगितला, तरी वाद विधिमंडळापर्यंत गेला. भाषेच्या वैभवाची काळजी खरी होती, पण गणन-अक्षम मुलाच्या बाजूने पाहिले तर ‘वीस पाच’ ही एक हक्काची कुबडी आहे. टॅब वापरताना या गोष्टीचे भान ठेवावे लागते, कारण बहुतेक ॲप इंग्रजीत बोलतात. डोंबिवली-ठाण्याच्या सेमी-इंग्रजी वर्गांत मूल शाळेत ‘फॉर्टी थ्री’ ऐकते आणि घरी ‘त्रेचाळीस’. त्यात तिसरा आवाज नको. ॲपचा आवाज बंद करून शिक्षकाने किंवा आईने स्वतःच्या आवाजात ‘चाळीस तीन, त्रेचाळीस’ असे ध्वनिमुद्रण करून दिले तर ते अधिक उपयोगी पडते.

संख्यारेषा हा टॅबचा दुसरा बळकट विषय. झुरिचमध्ये तयार झालेल्या ‘रेस्क्यू कॅल्क्युलॅरिस’ या खेळात ० ते १०० च्या रेषेवर दिलेल्या संख्येच्या जागी अंतराळयान उतरवायचे असते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुलांनी तो घरीच रोज पंधरा मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, असा पाच आठवडे खेळला. गणन-अक्षम मुलांना संख्येची जागा अधिक अचूक सांगता येऊ लागली आणि त्यांची आकडेमोडही सुधारली. अभ्यासात मुले थोडी होती, तरी रोज थोडा वेळ आणि ठरावीक मुदत ही पद्धत घेण्याजोगी आहे. स्टॅनिस्लास देहान आणि ॲना विल्सन यांनी फ्रान्समध्ये तयार केलेला ‘द नंबर रेस’ हा मोफत खेळ मुलाची चारपैकी साधारण तीन उत्तरे बरोबर यावीत इतपतच प्रश्न अवघड करतो. सतत हरणाऱ्या मुलासाठी ही रचना विचारपूर्वक केलेली आहे. पण फिनलंडमध्ये बालवाडीतील मुलांवर तो वापरून पाहिला तेव्हा संख्यांची तुलना सुधारली, मोजणी आणि बेरीज-वजाबाकी मात्र फारशी सुधारली नाही. खेळात जे शिकले ते वहीत आपोआप उतरत नाही. ती सांधणी माणसालाच करावी लागते.

संख्यारेषेची ओळख करून देण्यासाठी ठाणे-कल्याण पट्ट्यातील मुलांजवळ एक तयार साधन असते: ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण. स्थानकांच्या या ओळीवर पुढे-मागे जाणे म्हणजे बेरीज-वजाबाकी, आणि ठरावीक स्थानके सोडत धावणारी फास्ट लोकल म्हणजे टप्प्याने मोजणे. स्थानकांमधली अंतरे मात्र सारखी नाहीत. म्हणून क्रम कळला की लगेच टॅबवरच्या सारख्या अंतराच्या रेषेकडे वळावे, नाहीतर १ ते २ आणि ८ ते ९ यांत एकाच मापाचे अंतर आहे, ही मूळ गोष्ट निसटते.

बाकीच्या उपयोगांबद्दल थोडक्यात सांगता येते. वाचन-अक्षमताही असलेल्या मुलासाठी शाब्दिक उदाहरण मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय टॅबमध्ये असते, त्यामुळे गणित येते की वाचता येत नाही हे वेगळे कळते. जिओजेब्रा या गणिताच्या ॲपवर त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढला की कोन बदलतात पण बेरीज १८० अंशच राहते, हे पाठ न करता पाहता येते. कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पातील अनेक हाताळता येणारी सादरीकरणे मराठीत आहेत. राज्याच्या पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोड दीक्षा या २०१७ पासूनच्या व्यासपीठावर नेतात. तिथले व्हिडिओ हवे तितक्या वेळा थांबवून पाहता येतात, पण व्हिडिओ पाहणे आणि गणित करणे यात अंतर आहे. हस्ताक्षराची अडचण असलेल्या मुलाचे आकडे स्तंभात सरळ राहावेत म्हणून टॅबवर तयार चौकटी मिळतात. इथे मात्र चौकटींची साधी वही बहुधा सरस ठरते. ती स्वस्त आहे, आणि गुळगुळीत काचेपेक्षा कागदावर पेन्सिल नीट चालते.

यंत्र दिले म्हणजे शिक्षण झाले, ही समजूत अनेक ठिकाणी महागात पडली आहे. पेरू देशात मुलांना लॅपटॉप वाटण्याचा मोठा प्रयोग झाला, पण गणित आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही. उलट दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या संगणकीय कार्यक्रमाने शाळेनंतरच्या केंद्रांत गणितात चांगली वाढ दाखवली. फरक असा की दिल्लीत प्रत्येक मुलाला त्याच्या खऱ्या पातळीवरचे प्रश्न मिळत होते आणि केंद्रात शिकवणारी माणसेही होती. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात पष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा शिक्षक संदीप गुंड यांनी डिजिटल केली आणि ती राज्यभर पाहिली गेली. तिथेही शिक्षकाची कल्पकता आधी आली, उपकरणे नंतर. तो प्रयोग सर्व मुलांसाठी होता. अध्ययन अक्षम मुलांसाठी अशाच कल्पकतेला विशेष शिक्षकाची जोड लागते. समग्र शिक्षा योजनेत समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, पण एकाकडे अनेक शाळा असल्या की तो एका मुलाजवळ बसणार किती, हा खरा प्रश्न आहे. टॅबच्या खरेदीइतकीच चिंता या माणसांच्या संख्येची व्हायला हवी.

शाळेत प्रत्येक मुलाला टॅब लागत नाही. संसाधन कक्षात तीन-चार टॅब आणि ठरलेली वीस मिनिटे एवढ्यावर काम सुरू होते. घरी गणित वेगळे असते. आई-वडील सकाळच्या लोकलने निघून रात्री आठला परततात, घर दोन खोल्यांचे असते आणि टॅबवर धाकट्यालाही कार्टून हवे असते. म्हणून एकच ॲप उघडे राहील अशी स्क्रीन पिनिंगची सोय वापरावी, इंटरनेट बंद ठेवावे आणि रोजची वेळ पंधरा मिनिटांपलीकडे नेऊ नये. बक्षिसांच्या चांदण्या उधळणारे आणि घड्याळ लावून पळवणारे ॲप टाळलेले बरे, कारण या मुलांना वेळेच्या दडपणानेच घाम फुटतो. काम संपल्यावर पडद्यावरचे एक उदाहरण वहीत उतरवून घ्यावे, आणि महिन्यातून एकदा टॅब बाजूला ठेवून तेच कौशल्य कागदावर तपासावे.

कागदावर येण्याची ही सवय लावायची, कारण परीक्षेच्या दालनात दांड्या फोडणारे ॲप सोबत नसते. प्रमाणपत्र असलेल्या विद्यार्थ्याला दहावीला तासामागे वीस मिनिटे जादा वेळ, गरजेनुसार लेखनिक आणि साध्या कॅल्क्युलेटरची मुभा मिळते. कॅल्क्युलेटर मिळणार असेल तर तो सहावी-सातवीपासूनच हाताळू द्यावा. उत्तराचा अंदाज आधी बांधायचा आणि मग बटणे दाबायची, हेही शिकवावे लागते. बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचे अंकगणित आणि एक कार्यानुभवाचा विषय घेण्याची तरतूदही राज्यात आहे. तिने अनेकांची दहावी पार केली आहे, पण पुढे गणित लागणाऱ्या शाखांचा रस्ता त्यामुळे अवघड होतो. त्यामुळे हा निर्णय आठवीत घाईने घेऊ नये. मधल्या दोन वर्षांत टॅब, काड्या आणि शिक्षक यांच्या मदतीने मूल कुठवर पोहोचते ते पाहून, त्याच्याशी बोलून, शाळेच्या मुख्याध्यापकांमार्फत परीक्षा मंडळाकडे अर्ज करण्याच्या मुदतीआधी तो घ्यावा.