पोच देण्याआधी: साठवण सर्व्हरच्या संथ लेखनाविषयी

शिरड शहापूर हे हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यातले गाव मल्लिनाथाच्या दिगंबर जैन मंदिरामुळे दूरवर ओळखले जाते. याच तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा आकाराला येत आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये तिला तत्त्वतः मान्यता दिली आणि ६ एप्रिल २०२३ रोजी सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. काम पूर्ण करण्याचे उद्दिष्ट २०३० सालाचे आहे. चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा आणि प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाइतका फरक टिपणारे लेसर यांच्याबद्दल मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. पण लेसरने टिपलेले सगळे शेवटी एका साध्या दिसणाऱ्या लोखंडी पेटीत लिहून ठेवावे लागते. ती पेटी म्हणजे साठवण सर्व्हर. तिचे लिहिणे मंदावले तर काय तपासायचे आणि काय मुळीच करायचे नाही, हे औंढ्याच्या वेधशाळेइतकेच तालुक्यातल्या पतसंस्थेलाही लागू पडते.

आधी आकडा पाहू. अमेरिकेतल्या लायगोचा संग्रह साडेचार पेटाबाइटच्या घरात गेल्याचे आणि त्यात दरवर्षी सुमारे ८०० टेराबाइटची भर पडत असल्याचे त्या प्रयोगशाळेनेच सांगितले आहे. वर्षाच्या सेकंदांनी भागले तर हा वेग सेकंदाला जेमतेम २५ मेगाबाइट निघतो. बाजारात मिळणारी साधी हार्ड डिस्क सलग लिहिताना याच्या सहा-आठपट वेगाने लिहिते. मग अडचण कशाची? अडचण ही, की सरासरी इथे काहीच सांगत नाही. मुख्य संकेत सेकंदाला १६,३८४ वेळा मोजला जातो आणि त्याच्या जोडीला जमिनीची थरथर, वारा, आवाज, तापमान, विजेचा दाब अशा गोष्टी नोंदवणाऱ्या लाखांवर वाहिन्या चालू असतात. हा ओघ कोणासाठी थांबत नाही. सर्व्हर दिवसभर झपाट्याने लिहीत राहिला आणि एकदाच काही सेकंद अडला, तर मागचे सगळे मेमरीत तुंबते आणि मेमरी भरली की वाया जाते. म्हणून साठवण सर्व्हरची परीक्षा त्याच्या सर्वात लांबलेल्या थांब्यावर घ्यायला हवी.

हा थांबा कुठून येतो ते डिस्कच्या घडणीतच दिसते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी तबकडी एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद घेते. हवी ती जागा डोक्याखाली येईपर्यंत सरासरी त्याच्या निम्मा वेळ जातो आणि डोके योग्य पट्ट्यावर सरकायला आणखी आठेक मिलिसेकंद लागतात. म्हणजे इकडे-तिकडे विखुरलेल्या नोंदी सेकंदाला ऐंशीच्या आसपास होतात. प्रत्येक नोंद चार किलोबाइटची धरली तर वेग सेकंदाला ३२० किलोबाइट. तीच डिस्क, तेच डोके, आणि वेग सहाशेपट कमी! त्यावर रेडची, म्हणजे अनेक डिस्का एकत्र बांधून एका संचासारख्या वापरण्याच्या पद्धतीची, भर पडते. पॅटरसन, गिब्सन आणि कात्झ यांनी १९८८ मध्ये बर्कलीहून हा विचार मांडला, तेव्हा स्वस्त डिस्कांच्या संचातून वेग आणि विश्वासार्हता दोन्ही मिळवणे हा हेतू होता, पण त्या विश्वासार्हतेची किंमत छोट्या लेखनाला मोजावी लागते. रेड पाचमध्ये एक छोटी नोंद बदलायची तर जुना मजकूर वाचा, जुनी समता (हरवलेला मजकूर परत काढण्यासाठी ठेवलेली जोडनोंद) वाचा, नवा मजकूर लिहा, नवी समता लिहा, अशा चार क्रिया होतात. रेड सहामध्ये सहा. रेड सहावर बांधलेला बारा डिस्कांचा ऐटबाज संच अशा विखुरलेल्या कामात सेकंदाला जेमतेम १६० नोंदी करतो. संच बिघडलेला नसतो. त्याला चुकीच्या आकाराचे काम दिलेले असते.

इथे मूळ मुद्दा येतो. सरकारी कचेरीत अर्ज दिला की कारकून आवक नोंदवहीत नोंद करतो आणि मग पोच देतो. रांग वाढली म्हणून त्याने आधी पोच द्यायची आणि नोंद संध्याकाळी करायची असे ठरवले, तर रांग भराभर पुढे सरकेल. पण दुपारी कागद उडून गेले, तर लोकांच्या हातात शिक्का असेल आणि वहीत काहीच नसेल. साठवण सर्व्हरही नेमका असाच व्यवहार करतो. प्रोग्राम लिहायला सांगतो, लिनक्स ते मेमरीत घेतो आणि झाले म्हणतो. खरोखर डिस्कवर गेल्याची हमी हवी असेल तर एफसिंक ही वेगळी हाक द्यावी लागते, आणि लेखन संथ वाटते ते बहुतेक वेळा या हाकेच्या उत्तराची वाट पाहताना. माझे म्हणणे एवढेच आहे, की संथपणाच्या दुरुस्त्या दोन जातींच्या असतात. एक जात नोंदीची वाट खरोखर मोकळी करते, दुसरी फक्त पोच आधी देते. दुसऱ्या जातीला दुरुस्ती म्हणू नये.

दुसऱ्या जातीचा मोह मोठा आहे, कारण ती एका ओळीत होते. झेडएफएस या फाइल-व्यवस्थेत सिंक (डिस्कवर गेल्यावरच पोच) बंद करा, जाळ्यावरून फाइली पुरवणाऱ्या एनएफएसवर असिंक (आधीच पोच) लावा, डिस्कांच्या कंट्रोलरला बॅटरी नसताना राइट-बॅक (कंट्रोलरच्या मेमरीत घेताच पोच) चालू करा. आलेख लगेच सुधारतो. लिनक्सच्या एनएफएस साधनांत एके काळी असिंक हीच मूळ मांडणी होती. नंतर ती बदलून सिंक केली गेली, आणि सर्व्हर अचानक बंद पडला तर असिंकमध्ये माहिती हरवू किंवा बिघडू शकते, असा इशारा त्यांच्या माहितीपुस्तिकेत आजही आहे. वेग कमी होईल हे माहीत असताना केलेला हा बदल आहे. म्हणूनच तो मला महत्त्वाचा वाटतो.

पहिल्या जातीचे काम कष्टाचे आहे, पण त्यात खरी कारागिरी आहे. पहिला संशय कंट्रोलरच्या बॅटरीवर घ्यावा: ती दमली की कंट्रोलर मुकाट्याने राइट-थ्रूवर, म्हणजे डिस्कवर लिहून झाल्यावरच पोच देण्यावर, जातो आणि काल वेगवान असलेला सर्व्हर आज रांगू लागतो. मग डिस्कची जात पाहावी. पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या एसएमआर डिस्का नॅससाठीच्या, म्हणजे जाळ्यावरच्या साठवणीसाठीच्या, मालिकेतही विकल्या जात असल्याचे २०२० मध्ये उघड झाले. सुरुवातीला त्या छान लिहितात, आणि विखुरलेले लेखन वाढले की गुडघे टेकतात. साध्या एसएसडीचा झटपट लिहिणारा भाग भरला की तिचाही वेग कोसळतो. चार किलोबाइटच्या सेक्टरवर पार्टिशन वेडेवाकडे बसले असेल, तर प्रत्येक नोंदीला आधी वाचन करावे लागते. साठा काठोकाठ भरला असेल, तर मोकळी जागा शोधण्यातच वेळ जातो.

आणि थरथर. औंढ्याच्या संदर्भात हिच्याजवळ थोडे थांबायला हवे. २००८ च्या अखेरीस सन मायक्रोसिस्टिम्समधल्या ब्रेंडन ग्रेग यांनी डिस्कांच्या संचासमोर उभे राहून मोठ्याने ओरडून दाखवले आणि त्या क्षणी लेखनाचा विलंब आलेखावर उसळला. आवाजाने डोके पट्ट्यावरून किंचित ढळते आणि डिस्कला पुन्हा प्रयत्न करावा लागतो. सैल बसवलेली डिस्क किंवा घरघरणारा पंखा हेच काम दिवसरात्र करतो. थरथरीशी झुंजणाऱ्या वेधशाळेची नोंदवहीसुद्धा थरथरीने अडखळू शकते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

यातले नेमके काय घडते आहे हे मोजल्याशिवाय कळत नाही, आणि मोजण्यातही फसगत होते. डीडी ही आज्ञा लावून मोठी फाइल लिहिली की सुरुवातीला मेमरीचाच वेग दिसतो. आयओस्टॅट या साधनात वापराची टक्केवारी शंभर दिसली म्हणून अनेक डिस्कांचा संच थकला असे होत नाही. पाहायचा तो प्रतीक्षेचा काळ, तोही प्रत्येक डिस्कचा वेगळा. बारांपैकी एकच डिस्क आजारी असली तरी सारा संच तिच्या चालीने चालतो.

यावर तीन आक्षेप येतील. पहिला: वेगवान एनव्हीएमई एसएसडी घ्या आणि विषय संपवा. पैसे असतील तर घ्यावे, विखुरलेल्या कामाला त्याने खरोखर मोठा फरक पडतो. पण वीज गेली तरी हातातले लेखन पुरे करणारे कपॅसिटर त्या डिस्कमध्ये नसतील, तर एफसिंकला तीही अडखळते. शिवाय पेटाबाइटचा साठा शेवटी बहुतेक वेळा फिरत्या डिस्कांवर किंवा टेपवर जातो. दुसरा: यूपीएस आहे, जनरेटर आहे, मग सिंक बंद केले तर बिघडले कुठे? यूपीएस फक्त बाहेरची वीज गेली तर वाचवतो. सर्व्हरचा स्वतःचा पॉवर सप्लाय जळणे, कर्नल कोसळणे, कोणी चुकून केबल उपसणे, यांवर त्याचा इलाज नाही. तिसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: सगळी माहिती सारख्या मोलाची नसते. हे खरे आहे. पुन्हा चालवता येईल अशा गणिताच्या तात्पुरत्या फाइली असिंकवर खुशाल ठेवाव्यात. पण आकाशाचे निरीक्षण पुन्हा चालवता येत नाही. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मिलनाचा संकेत आला, तेव्हा मिलनाच्या सुमारे एक सेकंद आधी लायगोच्या लिव्हिंगस्टन इथल्या वेधशाळेच्या नोंदीत एक मोठा गोंगाट घुसला होता. मूळ नोंद जशीच्या तशी शाबूत होती, म्हणून शास्त्रज्ञांना तो गोंगाट नंतर बाजूला काढता आला. नोंदच अर्धवट असती, तर काढायला काही उरले नसते. पतसंस्थेतल्या खातेदाराने भरलेल्या रकमेच्या नोंदीचेही तेच आहे.

म्हणून हिंगोली-परभणीकडच्या ज्या तरुण तंत्रज्ञांच्या हाती उद्या असे सर्व्हर येतील, त्यांना एक विनंती. वेग वाढवणारा कोणताही बदल कायम करण्याआधी, प्रत्यक्ष कामावर नसलेल्या सर्व्हरवर लेखन चालू असतानाच वीज तोडा, तो पुन्हा चालू करा, आणि ज्या-ज्या नोंदीची पोच मिळाली होती ती प्रत्येक नोंद डिस्कवर आहे का ते मोजून पाहा. एकही कमी भरली तर तो बदल मागे घ्या.