विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकता, पण बरोबर टाकता का? पावसाळ्यात पाण्याच्या क्लोरिनबद्दल माहीत असायलाच हवं

अंजनगाव सुर्जी : पाऊस सुरू झाला की गावोगावी एकच तक्रार ऐकू येते. "पाण्याले दवाईचा वास येते, आमी नाई पेत." मग काही घरांत नळाचं पाणी भांड्याधुण्याला जातं आणि पिण्यासाठी बाई शेतातल्या विहिरीवर घागर घेऊन जाते. वास नाही, पाणी थंडगार, चवीला गोड. नेमकं हेच पाणी पावसाळ्यात धोक्याचं असतं.

लांबचं उदाहरण घ्यायची गरज नाही. आपल्याच जिल्ह्यात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत जुलै २०२२ मध्ये कॉलऱ्याची साथ आली. नळाचं पाणी बंद होतं, लोकांनी उघड्या विहिरीचं पाणी पिलं. अनेकांना दवाखान्यात न्यावं लागलं आणि काही जणांचा जीव गेला. पहिल्या पावसाचं पाणी शेतातली, उकिरड्यावरची, उघड्यावरच्या शौचाची घाण घेऊन विहिरीत उतरतं. पाणी दिसायला स्वच्छ असलं तरी कॉलऱ्याचे, टायफॉईडचे, काविळीचे जंतू डोळ्याला दिसत नाहीत.

या जंतूंवर सर्वांत स्वस्त औषध म्हणजे क्लोरिन. अमेरिकेतल्या जर्सी सिटी शहराने १९०८ साली संपूर्ण गावाच्या पाण्याला रोज क्लोरिन द्यायला सुरुवात केली आणि त्यानंतर ही पद्धत जगभर गेली. आपल्याकडे ग्रामपंचायतीत जी पांढरी पावडर येते, जिला कोणी टीसीएल म्हणतं, कोणी ब्लीचिंग, ती चुन्यात मुरवलेला क्लोरिनच आहे. ताज्या, चांगल्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरिन मिळतो. पण पोतं उघडं राहिलं, ओल लागली, ऊन लागलं की क्लोरिन उडून जातो आणि मागे फक्त चुना उरतो. म्हणून पंचायतीच्या कोपऱ्यात दोन वर्षं पडलेलं पोतं विहिरीत रिकामं करून "क्लोरिनेशन झालं" असं लिहिणं म्हणजे विहिरीला चुना लावणं आहे, दोन्ही अर्थांनी.

किती टाकायची?

चांगल्या पावडरीचं प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे. हजार लिटर पाण्याला अडीच ग्रॅम. आता विहिरीत पाणी किती हे काढायचं. विहिरीची रुंदी फुटात मोजा, त्या आकड्याला त्याच आकड्याने गुणा, मग पाण्याच्या खोलीने गुणा, मग ०.७८५ ने. हे झाले घनफूट. त्याला २८.३ ने गुणलं की लिटर मिळतात. मोबाईलमध्ये कॅल्क्युलेटर आहेच.

समजा विहीर १२ फूट रुंद आणि पाणी १५ फूट आहे. १२ गुणिले १२ म्हणजे १४४, गुणिले १५ म्हणजे २१६०, गुणिले ०.७८५ म्हणजे जवळपास १६९६ घनफूट. लिटरमध्ये ४८ हजार. पावडर लागेल १२० ग्रॅम. एवढीच! पण पाऊस झाला की विहिरीचं पाणी वाढतं, म्हणून मे महिन्यातला हिशेब ऑगस्टमध्ये चालत नाही. पावडर जुनी असून ताकद निम्मी झाली असेल तर ती दुप्पट लागेल.

घरच्या हजार लिटरच्या टाकीला अडीच ग्रॅम पुरते. आता अडीच ग्रॅम कशात मोजणार? किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर एकदाच २५ ग्रॅम पावडर तोला, कागदावर सारख्या दहा ढिगल्या करा, आणि एक ढिगली कोणत्या चमच्यात कुठपर्यंत येते ते पाहून ठेवा. तो चमचा मग फक्त त्याच कामाला. फवारणीच्या औषधाचं माप यासाठी कधीच वापरू नका, कितीही धुतलं तरी नाही.

कशी टाकायची?

बहुतेक ठिकाणी चूक इथे होते. कोरडी पावडर वरून भुरभुरली तर ती काही वर तरंगते, काही खाली चुन्यासकट बसते. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त पावडर घेऊ नका. थोड्या पाण्यात आधी पातळ पेस्ट करा, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळा. पाच-दहा मिनिटं थांबा. चुना खाली बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओता आणि खालचा चुना फेकून द्या, विहिरीत टाकू नका. मग निवळ पाण्याची बादली दोराने विहिरीत पाण्याखाली सोडून वरखाली हलवा, म्हणजे क्लोरिन सगळीकडे मिसळतो. तासभर कोणी पाणी काढू नये. रात्री, सगळ्यांचं पाणी भरून झाल्यावर हे केलं तर उत्तम, कारण उन्हात क्लोरिन लवकर उडतो.

पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून गाळ बसू द्या, घरी भरताना दुहेरी कापडाने गाळा. मातीतच क्लोरिन संपून जातो आणि जंतू तसेच राहतात.

आपल्या तालुक्याची एक वेगळी अडचण आहे. दर्यापूरच्या बाजूला, पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात पाणी खारट आणि अल्कधर्मी आहे. अशा पाण्यात क्लोरिनचं काम मंदावतं. जास्त वेळ द्यावा लागतो. आणि क्लोरिनने खारेपणा जात नाही, हेही लक्षात ठेवा. ते काम क्लोरिनचं नाही. शहानूरचं नळाचं पाणी ज्या गावांत जातं, तिथे पिण्यासाठी तेच वापरलेलं बरं.

वास म्हणजे काय?

हलका वास येणं हे वाईट लक्षण नाही. पिण्याच्या पाण्यात नळापर्यंत थोडा क्लोरिन शिल्लक असायलाच हवा, निदान लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम. साथीच्या काळात ०.५. तेवढा असेल तर वाटेत फुटक्या पाइपातून आलेली घाणही मारली जाते. वास नकोसा वाटत असेल तर पाणी भांड्यात झाकून तासभर ठेवा, वास कमी होतो.

शिल्लक क्लोरिन आहे की नाही हे ओटी टेस्टने कळतं. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, पाणी पिवळं झालं तर क्लोरिन आहे. रंग लगेच पाहायचा. तपासलेलं पाणी पिऊ नका, फेकून द्या. ही तपासणी टाकीखालच्या नळाला नाही, तर गावातल्या शेवटच्या घराच्या नळाला झाली पाहिजे. तुमच्या जलसुरक्षकाला विचारा, "भाऊ, शेवटच्या नळाले टेस्ट केली का?" वर्षातून दोनदा होणाऱ्या पाणीस्रोतांच्या तपासणीनंतर ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. आपल्या गावाला कोणतं मिळालं, हे ग्रामसभेत विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

आता लग्नाच्या लॉनवर आणि कृषी पर्यटनाच्या ठिकाणी पोहण्याचे टँक होत आहेत, म्हणून त्याबद्दल थोडं. तिथे क्लोरिन जास्त, म्हणजे लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम लागतो आणि पीएच ७.२ ते ७.८ दरम्यान ठेवावा लागतो. टँकवर डोळे चुरचुरतात आणि उग्र वास येतो, तेव्हा लोक म्हणतात क्लोरिन जास्त झाला. बहुतेक वेळा उलटं असतं. घाम आणि लघवीशी मिळून तयार झालेल्या पदार्थाचा तो वास असतो. असा टँक दिसला तर लेकरं उतरवू नका.

पावडर हाताळताना नाका-तोंडाला रुमाल बांधा, हातमोजे घाला. संडास धुण्याच्या ॲसिडजवळ ती कधी ठेवू नका, दोन्ही मिसळलं तर विषारी वायू निघतो. युरिया आणि फवारणीच्या औषधांपासूनही लांब, कोरड्या सावलीत, घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा आणि लेकरांच्या हाती लागू देऊ नका.

पंचायतीची पावडर नसेल तर आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात क्लोरिनचे थेंब, गोळ्या मिळतात का ते विचारा. प्रमाण बाटलीवर लिहिलेलं असतं, तेच वापरा. टाकल्यावर अर्धा तास थांबून मगच पाणी प्या. आणि घरात कोणाला तांदळाच्या धुवणासारखे पातळ जुलाब लागले तर वाट पाहू नका. ओआरएस सुरू करा, १०८ ला फोन लावा आणि तो माणूस ज्या विहिरीचं पाणी पिला, तिचं नाव आरोग्य कर्मचाऱ्याला त्याच वेळी सांगा.